बेलममधली मराठा पलटण
गोदावरीला पूर आला की मी नांदेडच्या पोरांना पहिल्या महायुद्धातली, इराकमधल्या टायग्रिस नदीवरची लढाई सांगतो. 31 मे 1915. कुर्नाच्या उत्तरेला नुसतं पाणी, मधल्या टेकड्यांवर तुर्कांची ठाणी. ब्रिटिश जनरल टाऊनशेंडने आपलं पायदळ बेलम नावाच्या अरबी होड्यांत चढवलं. शिपाई बोरूच्या बेटांतून वेळूंनी होड्या रेटत निघाले, आरमाराच्या तोफा टेकड्या भाजत होत्या. होड्यांतल्या त्या पायदळ ब्रिगेडमध्ये 103वी मराठा पलटण होती. माणसं बहुतेक कोकण-देशावरची; आमचा नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा निजामाचा. 3 जूनला नदीकाठचं अमारा शहर टाऊनशेंडच्या अवघ्या शंभरेक लोकांनिशी हाती आलं. अशा सहज विजयाची घमेंडच नडली, असं माझं मत. पुढे नदीवरच्या कूत गावात टाऊनशेंडच्या फौजेला तुर्कांचा वेढा पडला, पलटणही आत. रसदेची ‘जुलनार’ बोट वाटेतच अडकली. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 जणांनी शस्त्रं ठेवली.