कोणता नकाशा चांगला?

‘आपल्या गावात पडलेला पाऊस कुठे जातो?’ दौंड तालुक्यातील वरवंडच्या वर्गात हा प्रश्न आला, तर आपण कोणता नकाशा उघडाल?

फोनवरच्या गुगल मॅप्सवर पुणे–सोलापूर महामार्ग ठळक दिसतो. नेहमीच्या दृश्यात जमिनीचा चढउतार मात्र दिसत नाही. हा दोष नव्हे. प्रत्येक नकाशा कोणाच्या तरी गरजेतून जन्मतो. १७६७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने जेम्स रेनेलला बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमले, ते फौज आणि महसूल यांसाठी. त्याच परंपरेतल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशांवर म्हणूनच समोच्च रेषा असतात. २००५ मधले गुगल मॅप्स पत्ता व वाट शोधणाऱ्यांचे. २००४ मधला ओपनस्ट्रीटमॅप स्वयंसेवकांचा: त्यात आपले विद्यार्थीही गावची विहीर नोंदवू शकतात, कोणीच नोंदवली नाही, तर जागा कोरी राहते. इस्रोचे भुवन (२००९) उपग्रहचित्रे दाखवते.

पावसाच्या प्रश्नासाठी सर्व्हेचा नकाशा घ्या; २०१७ पासून तो मोफत मिळतो. समोच्च रेषांना काटकोनात छेदत उताराच्या दिशेने बोट फिरवायला सांगा. पाणी ओढ्यांतून भीमेकडे कसे जाते, ते मुलेच सांगतील. पुण्याला किती वेळ लागेल, हे विचारायचे असेल, तर मात्र फोनच बरा.