जस्ताच्या भस्मापासून नॅनोकणांपर्यंत : वनस्पतिज अर्क आणि जीवाणुरोधक धातु-ऑक्साइडे

प्रस्तावना

मुंबईच्या पूर्व उपनगरातील माहुल हे मूळचे खाडीकाठचे कोळीवस्तीचे गाव. १९५४ साली ट्रॉम्बे येथे आणि १९५५ साली माहुल येथे खनिज तेल शुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले. पुढे खतांचे व रसायनांचे कारखाने आले आणि हा सारा पट्टा रासायनिक उद्योगांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. उच्च तापमान, तीव्र अभिकारके आणि त्यांच्या मागे उरणारे प्रदूषण हे औद्योगिक रसायनशास्त्राचे रूप येथील रहिवाशांनी जवळून पाहिले. जगभरातील अशाच अनुभवांच्या पार्श्वभूमीवर पॉल अनास्टास व जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. वनस्पतींच्या अर्कापासून नॅनोकण तयार करण्याच्या पद्धतीचे जे स्वागत झाले, ते या विचारामुळेच.

गेल्या दोन दशकांत ही पद्धत महाविद्यालयीन प्रयोगशाळांमध्ये विशेष रुळली आहे. पाने, पाणी, धातूचा क्षार व साधी भट्टी एवढ्या साधनांवर प्रयोग करता येतो. मात्र अर्क या प्रक्रियेत नेमके कोणते कार्य करतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा गृहीत धरले जाते. हे उत्तर धातू आणि धातूचे ऑक्साइड यांच्या बाबतीत एकच नाही, हे महाराष्ट्रातील संशोधनाच्या इतिहासाच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रसशास्त्रातील जस्त

वनस्पती आणि धातू यांचा प्रयोगशाळेतील संबंध भारतात नवा नाही. 'रसरत्नसमुच्चय' या मध्ययुगीन ग्रंथात रसक या खनिजापासून जस्त काढण्याची कृती आली आहे. हळद, त्रिफळा, राळ इत्यादी पदार्थांसह खनिज वांग्याच्या आकाराच्या मुशीत तापवावे, असे तेथे सांगितले आहे. येथे वनस्पतिज द्रव्याचे कार्य स्पष्ट आहे. त्यातील कार्बन खनिजातील ऑक्सिजन हिरावून घेतो व धातू मोकळा होतो. आधुनिक परिभाषेत हे क्षपण होय.

यशद भस्माची कृती याच्या उलट दिशेने जाते. शुद्ध केलेले जस्त वितळवून त्यात आघाड्याचे चूर्ण घालून घोटतात. नंतर कोरफडीच्या रसाची भावना देऊन त्याला पुट देतात. या क्रियेत जस्ताचे ऑक्सिडीभवन होते आणि ते घडवून आणणारे मुख्य कारण अग्नी व हवा हे आहे. वनस्पतीचा रस कणांना एकत्र बांधतो, त्यांचे सूक्ष्म विभाजन होण्यास साहाय्य करतो आणि जळून जातो. एकाच धातूच्या दोन कृतींत वनस्पतीच्या दोन भिन्न भूमिका दिसतात, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पवई येथील अभ्यास

माहुलपासून फार दूर नसलेल्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील जयेश बेल्लारे व सहकाऱ्यांनी जसद भस्माची आधुनिक उपकरणांनी तपासणी केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार या भस्मात नॅनोमीटर मापाचे कण असून ते ऑक्सिजनचे प्रमाण किंचित कमी असलेल्या झिंक ऑक्साइडचे आहेत. प्राचीनांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते, असा निष्कर्ष काही जण अशा अभ्यासांतून काढतात. परंतु तो संयुक्तिक नाही. रसवैद्यांना कणांचे माप मोजता येत नव्हते. त्यांच्यापाशी भस्म बोटांच्या रेषांत शिरते का, पाण्यावर तरंगते का, अशा कसोट्या होत्या. या कसोट्यांमुळे अतिसूक्ष्म चूर्णाची निवड होत गेली, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. आणि तेही कमी मोलाचे नाही.

पुणे येथील संशोधन

वनस्पतींच्या अर्कातून धातूंचे नॅनोकण मिळविण्याच्या आधुनिक संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे स्थान अग्रभागी आहे. अमेरिकेत गार्डिया-टोरेस्डे व सहकाऱ्यांनी २००२ साली जिवंत अल्फाल्फा वनस्पतीत सोन्याचे नॅनोकण तयार होतात, असे दाखविले होते. मुरली शास्त्री, अब्सार अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत वनस्पतीऐवजी पानांचा काढा वापरला. २००३ साली जिरेनियमच्या पानांपासून चांदीचे कण, २००४ साली कडुनिंबाच्या पानांपासून सोने व चांदी यांचे कण, त्याच वर्षी लेमनग्रासच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण आणि २००६ साली कोरफडीच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी व चांदीचे कण अशी ही मालिका आहे. या सर्व प्रयोगांत क्षारातील धन आयनाला इलेक्ट्रॉन मिळून धातू बनतो. अर्कातील शर्करा, टर्पिनॉइड यांसारखी द्रव्ये हे इलेक्ट्रॉन पुरवितात, तर इतर काही रेणू कणांभोवती आवरण तयार करून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. येथे अर्क क्षपणकारक आहे, हे विधान यथार्थ आहे.

याच गटाने ऑक्साइडांवरही काम केले, पण ते कवकाच्या साहाय्याने. फ्युसेरियम ऑक्सिस्पोरम या कवकापासून २००४ साली झिर्कोनियाचे आणि २००५ साली सिलिका व टायटॅनियाचे कण मिळविण्यात आले. कवकाने स्रवलेली प्रथिने फ्लोराइडयुक्त संयुगांचे जलीय विच्छेदन करतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ऑक्साइडांच्या संदर्भात त्यांनी क्षपणाऐवजी जलीय विच्छेदन ही संज्ञा योजली, हे लक्षणीय आहे.

धातूकडून ऑक्साइडकडे

२०११ साली तामिळनाडूतील संशोधकांनी कोरफडीच्या अर्कातून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या काळात असंख्य वनस्पतींचे अर्क वापरून जस्त, तांबे, टायटॅनियम यांची ऑक्साइडे तयार करण्यात आली. या लेखनात 'अर्कातील द्रव्यांनी जस्ताच्या आयनाचे क्षपण होऊन झिंक ऑक्साइड बनले' असे वाक्य वारंवार आढळते. चांदीसाठी दिलेले स्पष्टीकरण येथे जसेच्या तसे उचललेले दिसते.

वस्तुतः झिंक नायट्रेटमधील जस्त आणि झिंक ऑक्साइडमधील जस्त यांची ऑक्सिडीभवन अवस्था एकच, म्हणजे अधिक दोन, आहे. क्षपण झाले तर ऑक्साइडऐवजी धातूच मिळेल. अर्कातील फिनॉलवर्गीय द्रव्ये व सेंद्रिय आम्ले जस्ताच्या आयनाशी जटिल संयुगे बनवितात. आम्लता कमी होताच हायड्रॉक्साइडचा अवक्षेप मिळतो. आणि पुष्कळ कृतींत तो ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापविल्यावर ऑक्साइड तयार होते. हेच क्युप्रिक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड यांना लागू आहे. फेरिक क्षारापासून मॅग्नेटाइट बनविताना मात्र लोहाच्या काही भागाचे क्षपण आवश्यक असते. भट्टीतील ही पायरी पाहता यशद भस्माची कृती आणि आजची कृती यांतील साम्य अधिक खोलवरचे ठरते. तसेच, पाने वापरली म्हणून कृती आपोआप हरित होत नाही. भट्टीची ऊर्जाही हिशेबात धरावी लागते.

जीवाणुरोधक गुणाची कसोटी

१९९० च्या दशकात जपानमध्ये जुन सवाई व सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइड, मॅग्नेशियम ऑक्साइड व कॅल्शियम ऑक्साइड यांच्या चूर्णांचा जीवाणुरोधक गुण पद्धतशीरपणे तपासला. हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या क्रियाशील ऑक्सिजन द्रव्यांची निर्मिती, विरघळलेले जस्ताचे आयन आणि जीवाणूच्या आवरणाशी कणांचा प्रत्यक्ष संपर्क ही त्या गुणाची तीन मुख्य कारणे मानली जातात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचे संकट गंभीर होत असताना या गुणाचे महत्त्व वाढते आणि म्हणूनच पुराव्याची जबाबदारीही वाढते.

अगर पट्टिकेवर कणांभोवती पडलेले स्वच्छ वर्तुळ हा पुरेसा पुरावा नाही. अविद्राव्य कण अगरमध्ये फारसे पसरत नाहीत. वर्तुळ विरघळलेल्या आयनांमुळे किंवा उरलेल्या अर्कामुळेही पडू शकते. कडुनिंबाचा अर्क स्वतःच जीवाणुरोधक आहे. त्यामुळे केवळ अर्क, केवळ धातूचा क्षार आणि अर्काविना बनविलेले ऑक्साइड अशा तिन्हींची तुलना प्रत्येक प्रयोगात असणे अगत्याचे आहे. न्यूनतम प्रतिबंधक संहती मोजणे, तसेच मानवी पेशींवरील परिणाम तपासणे हेही तितकेच आवश्यक ठरते.

समारोप

रसक तापविणाऱ्या मुशीत वनस्पती क्षपणकारक होती. भस्माच्या पुटात ती साहाय्यक होती. पुण्याच्या चांदीच्या द्रावणात ती पुन्हा क्षपणकारक झाली. आणि झिंक ऑक्साइडच्या कृतीत तिचे कार्य जटिल संयुगे बनविण्याचे व कणांचे माप नियंत्रित करण्याचे आहे. हा भेद दुर्लक्षिला गेल्याने एक चुकीचे स्पष्टीकरण निबंधांतून प्रकल्पांत आणि प्रकल्पांतून पुन्हा निबंधांत फिरत राहिले आहे. नव्या वनस्पतीची भर घालण्यापूर्वी या स्पष्टीकरणाची तपासणी विद्यार्थ्यांकडून करून घेतली, तर अल्प साधनांच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतूनही ज्ञानात खरी भर पडू शकेल.