आधी कुणाला सोडायचं?

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३.३५ला बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी ठाण्याला निघाली. तेव्हा वाट अडवायला दुसरी गाडीच नव्हती.

१८५४मध्ये रूळ कल्याणला पोचले, १९१६मध्ये पारसिकचा बोगदा खुला झाला. पुढे त्याच रुळांवर मेल आणि जलद लोकल दोघी आल्या आणि आधी कुणाला सोडायचं हा पेच पडला. संगणकाने कुठलं काम आधी करायचं, हा असाच पेच ल्यू आणि लेलँड या संशोधकांनी १९७३मध्ये गणिताने सोडवला: जास्त वारंवार येणाऱ्या कामाला वरचा क्रम.

रेल्वेने मात्र वाटाच वेगळ्या केल्या. १८ फेब्रुवारी २०२२ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. मेल पारसिकच्या बोगद्यातून, जलद लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. ३६ फेऱ्या वाढल्या आणि डोंबिवलीत मानपाडा रस्त्याने स्टेशन गाठणाऱ्यांचं वेळापत्रकही बदललं.