मुक्काम, मुख्यालय आणि अपडाऊन : चांदा–गडचिरोली वनप्रदेशातील कचेऱ्या व नोकरवर्गाचा प्रवास

जिल्ह्याचा इतिहास लिहिताना हद्दींच्या फेरफारांना मोठे स्थान मिळते. कोणता परगणा कोणत्या साली कोठे जोडला गेला, हे गॅझेटियरांच्या आरंभी काळजीपूर्वक नोंदलेले असते. परंतु कचेरी कोठे भरत असे, आणि तीत बसणारा मनुष्य रात्री कोठे निजत असे, हा प्रश्न बहुधा गौण मानला जातो. चांदा व गडचिरोली यांसारख्या वनप्रदेशात मात्र तो गौण नाही. जेथे वस्ती विरळ, नद्या मोठ्या आणि रस्ते ऋतूंच्या अधीन, तेथे राज्यसंस्थेचा प्रजेशी असलेला संबंध अखेरीस एका साध्या गोष्टीवर अवलंबून राहतो : कोणी कोणाकडे चालत जायचे?

चांद्याच्या गोंड राजांची राजधानी परकोटाच्या आत होती. सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या या कोटाला जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा असे चार दरवाजे. राजा, त्याचे दफ्तर आणि त्याचे चाकर एकाच कोटात नांदत असल्यामुळे चाकरीचे ठिकाण व राहण्याचे ठिकाण यांत अंतर पडण्याचा प्रश्नच नव्हता. १७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने चांद्याचा किल्ला सर केला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर येथे इंग्रजी अंमल प्रत्यक्ष सुरू झाला. नव्या अंमलाने कोटातील जुन्या राजवाड्याचा तुरुंग केला. बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी देण्यात आली ती चांद्याच्या तुरुंगातच. कचेऱ्या व साहेबांचे बंगले मात्र जटपुरा दरवाजाबाहेर, मोकळ्या जागी उभे राहिले. पुढे त्या भागास 'सिव्हिल लाइन्स' हे सर्वत्र आढळणारे नाव मिळाले. कारभाराचे ठिकाण नगराच्या अंगाबाहेर नेण्याची या प्रदेशातील ही पहिली मोठी घटना होय. कोटाच्या आत राहणाऱ्या कारकुनाला रोज दरवाजातून बाहेर पडून कचेरी गाठावी लागू लागली. आज जटपुरा दरवाजापाशी सकाळ-संध्याकाळ वाहनांची जी कोंडी होते, तिचे मूळ कोटाच्या अरुंद दरवाजात आहे तितकेच या मांडणीतही आहे.

जिल्ह्याच्या अंतर्भागात कथा निराळी आहे. आरंभी चांदा जिल्ह्यात मूल, वरोरा व ब्रह्मपुरी अशा तीनच तहसिली होत्या. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा मोडण्यात आला, तेव्हा सिरोंचा हे ठिकाण धरून चौथी तहसील चांद्यास जोडली गेली. म्हणजे काही वर्षे स्वतःच एका जिल्ह्याचे ठिकाण असलेले सिरोंचा आता दूरच्या चांद्याचे टोक बनले. १८९५ मध्ये मूलची तहसील कचेरी चांद्यास हलली. १९०५ मध्ये ब्रह्मपुरी व चांदा तहसिलींतील जमीनदाऱ्या वेगळ्या काढून गडचिरोली तहसील निर्माण झाली. १९०७ मध्ये सिरोंचाच्या दक्षिणेकडील चेर्ला, अलबाक व नुगूर हे विभाग मद्रासकडे गेले. एवढे फेरफार होऊनही एक गोष्ट फारशी बदलली नाही : चार-सहा कचेऱ्या आणि भोवती अफाट अरण्य.

या अफाट क्षेत्रावर अंमल चालवण्याचे इंग्रजी साधन म्हणजे दौरा. पावसाळा सरला, नाले उतरले, की अधिकारी तंबू, दप्तर, शिपाई व बैलगाड्या घेऊन बाहेर पडत आणि हिवाळाभर गावोगाव मुक्काम करीत. जमाबंदीचे वाद, जंगलाचे गुन्हे, जमीनदारांच्या तक्रारी यांचा निकाल झाडाखाली लागे. 'मुक्काम' हा मूळचा अरबी शब्द या कारभाराचा कणाच होता. सरकारी पत्राच्या माथ्यावर तो शब्द व गावाचे नाव येई, आणि कचेरी त्या दिवशी तेथे आहे असा त्याचा अर्थ असे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. साहेबाच्या गाड्यांसाठी बैल कोणाचे, ओझी कोणाच्या डोक्यावर, कोंबडी-दूध कोणाच्या घरचे, हे विचारले म्हणजे वेठबिगारीचा सबंध अध्याय उघडतो. तथापि प्रवासाची दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे. कचेरी प्रजेकडे जात होती. आलापल्लीपासून सिरोंचापर्यंत आढळणारी जुनी वनविश्रामगृहे त्या दिशेच्या खुणा आहेत.

आगगाडी या जिल्ह्यात आली ती कारभारासाठी नव्हे, कोळशासाठी. वर्ध्याहून वरोऱ्याच्या खाणीपर्यंत रूळ आले ते एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात. पुढे पूर्वेकडून गोंदिया–नागभीड–चांदा हा अरुंदमापी मार्ग तयार झाला, त्याचे रुंदीकरण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाले. त्याच मार्गावर वडसा हे स्थानक आहे. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले, पण या मार्गावरच्या स्थानकाचे 'चांदा फोर्ट' हे नाव टिकले. सरकारी नामांतरापेक्षा रेल्वेची पाटी अधिक चिवट असते, असे दिसते.

याच रेल्वेने विदर्भातील नोकरवर्गाला एक शब्द दिला. 'अप' व 'डाऊन' या गाड्यांच्या दिशांवरून 'अपडाऊन करणे' हे क्रियापद तयार झाले. नोकरीच्या गावी न राहता रोज येऊन-जाऊन करणे, एवढाच त्याचा अर्थ. नवल असे, की ज्या गडचिरोली जिल्ह्यात वडसा वगळता दीर्घकाळ रेल्वेचे स्थानकच नव्हते, तेथे हा शब्द कमालीचा रूढ आहे. वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊनही वनजमीन व वन्यजीव यांविषयीच्या परवानग्यांत वर्षानुवर्षे अडकला. रूळ पोचण्याच्या कितीतरी आधी रुळांचा शब्द पोचला आणि तो एसटीच्या गाडीला चिकटला.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर. त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाच्छादित. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसे. कारभार लोकांच्या जवळ आणणे हा विभाजनाचा हेतू होता, आणि धानोरा, कुरखेडा, आरमोरी यांच्या बाबतीत तो सफल झाला यात शंका नाही. दक्षिणेचा हिशेब निराळा आहे. अहेरीहून आष्टी–गोंडपिपरीमार्गे चंद्रपूर जेवढे दूर, जवळजवळ तेवढेच गडचिरोली. सिरोंचाच्या माणसाला नव्या जिल्ह्याचे ठिकाणही दोनशे किलोमीटरच्या पलीकडेच राहिले. स्वतंत्र अहेरी जिल्ह्याची मागणी पुनःपुन्हा उठते ती या अंतरामुळे.

एका तहसिलीच्या गावाला एकाएकी जिल्ह्याचे ठिकाण करावयाचे तर कचेऱ्या कोठे बसवायच्या? गडचिरोलीच्या चार वाटा जेथे मिळतात त्या इंदिरा गांधी चौकाभोवतीच्या गावठाणात एवढी जागा नव्हती. म्हणून वस्तीच्या बाजूला शासकीय संकुल उभारण्यात आले. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व इतर खाती तेथे एकत्र आली. लोकांनी 'संकुल' हा शब्द स्वीकारला नाही. त्यांच्या तोंडी 'कॉम्प्लेक्स' बसला आणि पाहता पाहता त्याचे विशेषनाम झाले. 'कॉम्प्लेक्समध्ये राहतो', 'कॉम्प्लेक्सला चाललो' असे गडचिरोलीकर म्हणतात. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या पत्त्यातही हेच नाव आहे. काही कार्यालयांच्या पत्त्यांत 'बॅरेक क्रमांक' असाही उल्लेख असतो. घाईने उभ्या केलेल्या लांबट, बैठ्या इमारतींचे हे नाव पत्त्यात कायम राहिले. चंद्रपुरात १८५४ नंतर झाले तेच येथे १९८२ नंतर झाले : कारभाराचे नगर व लोकांचे नगर वेगळे पडले. फरक एवढाच, की सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत साहेब राहत होता. कॉम्प्लेक्समधील पुष्कळसा नोकरवर्ग संध्याकाळी वैनगंगेच्या पुलावरून व्याहाड, सावली, मूलकडे, किंवा आरमोरीच्या वाटेने ब्रह्मपुरीकडे परतू लागला.

याचा दोष केवळ आळसाला देणे अन्यायाचे होईल. मुलांच्या शाळा, वृद्धांचे औषधपाणी, जोडीदाराची नोकरी ही कारणे खरी आहेत. त्यांत नक्षलवादी चळवळीने भर घातली. शासनाने उपायही योजले. २००२ मध्ये आदिवासी व नक्षलग्रस्त भागांतील कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी व प्रोत्साहन भत्ता देण्याचा निर्णय झाला. २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाने शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात याच्या पुराव्यादाखल ग्रामसभेचा ठराव आवश्यक ठरविला. कोण कोठे निजतो याचा दाखला गावाने द्यावा, अशी ही व्यवस्था. 'मुक्काम' हा शब्द एकेकाळी कचेरीच्या हिंडण्याचा वाचक होता. 'मुख्यालय' हा संस्कृत धाटणीचा शब्द आता न हिंडण्याचे, एका जागी राहण्याचे बंधन सांगतो, आणि व्यवहारात त्याच्यासमोर 'अपडाऊन' उभा आहे.

येथे एसटीच्या वेळापत्रकाकडे पाहणे अगत्याचे आहे. १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आला आणि विदर्भातील सरकारी बससेवा मुंबई राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. १९६० नंतर तिचे आजचे नाव आले. एसटीची आखणी सदैव महसुली हद्दीप्रमाणे होत नाही. ब्रह्मपुरीचे आगार चंद्रपूर जिल्ह्यात असून एसटीच्या गडचिरोली विभागात मोडते. माणसांच्या प्रत्यक्ष येण्याजाण्याची वाट महसूल खात्यापेक्षा परिवहन खात्याला अधिक अचूक कळली, असे यावरून म्हणता येईल. ग्रामीण भागात एसटीचा मुख्य आधार म्हणजे मुक्कामी गाडी. ती संध्याकाळी शहरातून निघते, रात्र शेवटच्या गावी काढते आणि पहाटे माणसे घेऊन परतते. विद्यार्थी, रुग्ण, बाजारकरी व कचेरीत काम असलेला शेतकरी यांच्या सोयीची ही दिशा आहे. तालुक्याच्या गावी वा खेड्यात नोकरी करून शहरात राहणाऱ्या कर्मचाऱ्याला नेमकी उलट दिशा हवी असते. त्यामुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. गाडी खेड्यात मुक्काम करते, चालक व वाहक तेथे रात्र काढतात, आणि ज्याला तेथे राहण्यासाठी घरभाडे भत्ता मिळतो तो सकाळी स्वतःच्या दुचाकीने किंवा भाड्याच्या जीपने तिकडे जातो. सकाळी वाटेत दोघांची गाठ पडते : एक कामासाठी बाहेर पडलेला, दुसरा कामावर निघालेला.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आला आणि कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ झाली. मुंबईच्या लोकलगाडीला हा बदल सहज पेलला. गडचिरोलीत हिवाळ्यात सव्वासहाला काळोख असतो आणि जंगलातील रस्त्यावर वाघाचे भय आहे. शनिवारची सुटी मात्र दूरवर घर असलेल्यास नोकरीच्या गावी पाच रात्री काढण्यास थोडे प्रोत्साहन देऊ शकली असती. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाने गाड्या ठप्प झाल्या. रेल्वे नसलेल्या तालुक्यांत त्या महिन्यांची झळ कर्मचाऱ्यापेक्षा प्रजेलाच अधिक बसली, कारण दुचाकी व जीप यांची सोय सर्वांना सारखी नव्हती. पावसाळ्याचा भार वेगळाच. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. गोसेखुर्दचे पाणी सोडले की आरमोरीच्या वाटेवर पाल नदी फुगते. अशा दिवशी मुख्यालयी असलेला तलाठी वा परिचारिका हीच त्या तालुक्यापुरती सबंध शासनसंस्था असते, आणि ती नसली तर काहीच नसते.

१ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत एटापल्ली तालुक्यातील गर्देवाडा भागासाठी अहेरीहून एसटीची गाडी सुरू झाली. त्या गावांनी तोवर ही गाडी पाहिली नव्हती. रस्ता, पूल व पोलीस मदत केंद्रे यांच्या पाठोपाठ ती आली. गाडीच्या फलकावर 'अहेरी' हे नाव आहे. तेथून जिल्ह्याच्या कॉम्प्लेक्सला जायचे तर पुढची गाडी बदलून आणखी शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते.