अर्ध्यावर राहिलेला डाव

रायपूर शहराबाहेर परसदा गावच्या शिवारात २००८ साली एक प्रशस्त क्रीडांगण उभे राहिले. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांचे नाव त्याला दिलेले आहे. १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून ते उपाशी रयतेला वाटणाऱ्या या पुरुषाला १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरातच फाशी देण्यात आले. एवढ्या मोठ्या नावाच्या आणि एवढ्या मोठ्या विस्ताराच्या या मैदानावर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना मात्र २१ जानेवारी २०२३ रोजी प्रथम झाला, आणि छत्तीसगडचा स्वतःचा संघ रणजी करंडकाच्या स्पर्धेत उतरला तोही २०१६ साली. तोपर्यंत या प्रदेशातल्या खेळाडूला मध्य प्रदेशाच्या संघात जागा शोधावी लागे. १९५६ पर्यंत रायपूरचा राज्यकारभार नागपुराहून चाले, तेव्हा या भूमीचा आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. पण आज मला त्या संबंधाविषयी बोलावयाचे नाही. रायपूरपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या भिलाईच्या एका फिरकी गोलंदाजाची आठवण करून द्यावयाची आहे.

त्याचे नाव राजेश चौहान. जानेवारी १९९३ मध्ये कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले. अनिल कुंबळे, वेंकटपती राजू आणि चौहान या त्रयीने त्या मालिकेत इंग्लंडच्या फलंदाजांची जी त्रेधा उडविली, ती पाहिलेल्या वा रेडिओवर ऐकलेल्या रसिकांच्या स्मरणात अजून असेल. कुंबळे यांचे २१, राजू यांचे १६ आणि चौहान यांचे ९ बळी, आणि तिन्ही सामने भारताचे. पुढे चौहान एकूण २१ कसोट्या खेळले. त्यांपैकी एकही भारताने गमावली नाही. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

हा योगायोग सांगताना लोक जरा वाहवत जातात, असे मला वाटते. २१ कसोट्यांत ४७ बळी, आणि तेही बरेच महागात पडलेले. हे आकडे काही महान गोलंदाजाचे नव्हेत. विजयाचे मोठे वाटेकरी बहुधा कुंबळेच होते, आणि त्यांतले पुष्कळ सामने मायभूमीवरच्या फिरकीला धार्जिण्या खेळपट्ट्यांवर झाले. पण दुसऱ्या टोकाकडून धावा आवळून धरणाराचे मोल धावफलकावर उमटत नसते, हेही क्रिकेट जाणणारास सांगावयास नको. चौहान यांचे काम ते होते, आणि ते त्यांनी मुकाट्याने केले.

मग ते थांबले का? त्यांच्या चेंडू टाकण्याच्या पद्धतीविषयी शंका घेतली गेली. कोपर वाकवून मग सरळ करतात, म्हणजे चेंडू टाकीत नाहीत, फेकतात, असा तो आक्षेप. १९९४ च्या अखेरीनंतर सुमारे अडीच वर्षे ते कसोटी संघाबाहेर राहिले. १९९७ मध्ये परतले, आणि त्याच वर्षी कराचीच्या एकदिवसीय सामन्यात शेवटच्या षटकात सकलेन मुश्ताक यांना षटकार मारून त्यांनी सामना भारताकडे वळविला. गोलंदाज म्हणून निवडलेल्या माणसाची आठवण लोकांनी एका फटक्यासाठी ठेवावी, हा क्रीडारसिकांच्या स्मृतीचा खोडकरपणाच म्हणावयाचा. मार्च १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध कलकत्त्यालाच ते अखेरची कसोटी खेळले. तीही भारताने जिंकली. पुढच्या बंगलोरच्या कसोटीत हरभजन सिंग यांनी पदार्पण केले, आणि ती भारताने गमावली. चौहान तेव्हा एकतीस वर्षांचे होते, आणि फिरकी गोलंदाजाच्या आयुष्यात ते वय संध्याकाळचे नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळी फेकीचा निवाडा मुख्यतः पंचांच्या आणि निरीक्षकांच्या डोळ्यांवर अवलंबून असे. पुढे शास्त्रज्ञांनी गोलंदाजांच्या हातांची सूक्ष्म मोजमापे घेतली, तेव्हा असे दिसून आले की निर्दोष समजल्या जाणाऱ्या गोलंदाजांचे कोपरही चेंडू सुटताना थोडेबहुत सरळ होतेच. त्यानंतर, २००५ साली, पंधरा अंशांपर्यंतची सूट सर्वांना समान लागू झाली. अंशांत मोजलेला हा मापदंड चौहान खेळत होते तेव्हा अस्तित्वात नव्हता. संशय ज्याचा त्याचा, आणि शिक्षा मात्र खेळाडूची, असा तो काळ होता.

चौहान ज्या वयात कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले, त्याच वयात दुसरा एक फिरकी गोलंदाज या जगातूनच निघून गेला. सदाशिव शिंदे, क्रिकेटवाल्यांचे सदू शिंदे. १९२३ साली मुंबईत जन्मलेले हे कृश शरीरयष्टीचे लेगब्रेक गोलंदाज महाराष्ट्र, मुंबई आणि बडोदा या संघांकडून खेळले. १९४६ मध्ये ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले, आणि लॉर्ड्सवर त्यांनी कसोटीत पदार्पण केले. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला, तो शिंदे यांच्यामुळे. त्यांनी ९१ धावांत ६ बळी घेतले. भारताने उत्तरादाखल ४१८ धावा केल्या, आणि कसोटी विजयाचे तोंड भारताने तोवर कधी पाहिले नव्हते ते आता दिसणार, अशी आशा साऱ्या देशाला वाटू लागली. दुसऱ्या डावात शिंदे यांनी षटकामागून षटके टाकली. त्यांच्या गोलंदाजीवर उडालेले झेल एकामागून एक सुटत गेले, वॉटकिन्स या डावखुऱ्या फलंदाजाने तळ ठोकला, आणि सामना अनिर्णित राहिला. भारताचा पहिला कसोटी विजय त्यानंतर तीन महिन्यांनी मद्रासला आला. दिल्लीचे ते झेल हाती राहिले असते, तर त्या विजयाशी शिंदे यांचे नाव कायमचे जोडले गेले असते.

शिंदे यांच्या वाट्याला सारे मिळून सातच कसोट्या आल्या आणि बळी बारा. म्हणजे निम्मे एका डावातले. १९५२ च्या इंग्लंडच्या दौऱ्यानंतर त्यांना कसोटीत संधी मिळाली नाही, आणि २२ जून १९५५ रोजी विषमज्वराने मुंबईत त्यांचा अंत झाला.

दिल्लीच्या त्याच कसोटीत आणखी एक डाव संपला, हे सहसा कोणी सांगत नाही. विजय मर्चंट यांनी तेथे १५४ धावा केल्या. ती त्यांची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या. आणि त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावल्यामुळे ती त्यांची अखेरची कसोटीही ठरली. चाळिशीला आलेल्या माणसाची निवृत्ती अकाली कशी, असे कोणी विचारील. परंतु मर्चंट यांची ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने गिळली. १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत ते केवळ दहा कसोट्या खेळू शकले. कारकीर्द अखेरीलाच तुटते असे नाही, कधी ती मधूनच पोकळ होते.

युद्धाचा प्रत्यक्ष घाव सोसलेले खेळाडूही आपल्याकडे आहेत. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि मुष्टियुद्ध कायमचे सुटले. ते पोहण्याकडे वळले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली.

आणि आता खाशाबा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीच्या आखाड्यात वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती तेथे शिकावी लागली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. हेलसिंकीत त्या ऑलिंपिकची ज्योत पेटविली पावो नुर्मी यांनी. धावण्याच्या शर्यतींत नऊ सुवर्णपदके मिळविलेल्या या फिनिश वीराला १९३२ मध्ये, पैसे घेऊन धावल्याच्या आरोपावरून, लॉस एंजेलिसच्या मॅरॅथॉनमध्ये धावू दिले गेले नव्हते. अकाली अडविलेल्या धावपटूच्या हातची ती ज्योत, आणि घर गहाण टाकून पाठविलेला हा मल्ल. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिंपिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी पुढे कुस्त्यांचे सामने भरविले, आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडविले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात शिरले आणि मेलबर्नच्या तयारीला लागले. गुडघ्याच्या दुखापतीने ती वाट बंद झाली. वय तीस. त्या गुडघ्याची आजच्यासारखी दुर्बिणीची शस्त्रक्रिया तेव्हा आपल्याकडे सुलभ नव्हती, आणि खेळाडूच्या शरीराची निगा हा सरकारचा वा संघटनेचा विषय आहे, असे कोणाच्या डोक्यातही नव्हते. खाशाबा पुढे सहायक पोलीस आयुक्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात वारले. त्यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळविणारा भारतीय अॅटलांटाला निघाला तो टेनिसपटू लिअँडर पेस, १९९६ साली. कुस्तीतल्या पुढच्या पदकाला २००८ उजाडावे लागले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तोही त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे सोळा वर्षांनी.