हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग
हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग : क्लोरोफॉर्मने शुद्धिहरण केलेल्या रुग्णाचा मृत्यू प्रथम श्वसन थांबल्याने होतो की हृदय बंद पडल्याने, या प्रश्नाचा प्रयोगांनी निर्णय करण्यासाठी निजामाच्या राज्यात १८८८ व १८८९ मध्ये नेमलेले दोन आयोग. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण सुरक्षित कसा राहील, याविषयी भारतात झालेल्या आरंभीच्या पद्धतशीर संशोधनांत त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी : जेम्स यंग सिम्पसन (१८११–७०) यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथे क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. लगेच जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमधील हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत दगावली. जॉन स्नो (१८१३–५८) यांच्या मते क्लोरोफॉर्मचे हवेतील प्रमाण वाढल्यास हृदय बंद पडते. म्हणून मात्रा मोजून द्यावी. एडिंबरोच्या परंपरेत मात्र श्वसनावर नजर ठेवणे पुरेसे मानले जाई. याच परंपरेत शिकलेले एडवर्ड लॉरी (१८४६–१९१५) हे हैदराबाद येथे रेसिडेन्सी सर्जन होते.

कार्य व निष्कर्ष : पहिल्या आयोगाने श्वसन हेच नेहमी हृदयापूर्वी थांबते, असा निष्कर्ष काढला. लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकाने त्याबद्दल शंका व्यक्त केली. तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने १,००० पौंड मंजूर केले व लॅन्सेटने टॉमस लॉडर ब्रंटन (१८४४–१९१६) यांना हैदराबादेस पाठविले. दुसऱ्या आयोगाने कुत्री, माकडे इ. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांपैकी अनेकांचा रक्तदाब सतत नोंदविला. निष्कर्ष पहिलाच कायम राहिला. शुद्धिहरण करणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे न पाहता आपले सर्व लक्ष रुग्णाच्या श्वासाकडे द्यावे, असे लॉरी यांनी आग्रहाने प्रतिपादिले.

लॉरी यांच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी यांनी १८८९ पासून हैदराबादेत शुद्धिहरणाचे काम केले. जगातील पहिल्या महिला शुद्धिहरणतज्ञांत त्यांची गणना होते.

उणीव : १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असताना हृदयाच्या निलयांचे स्पंदन एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू ओढवतो. ॲड्रेनॅलिनामुळे हा धोका वाढतो. हैदराबादच्या प्रयोगांत प्राण्यांना बहुधा खोल गुंगी दिली जाई. त्यामुळे मृत्यूचा हा प्रकार नजरेतून सुटला. भ्यालेल्या, धडपडणाऱ्या रुग्णास आरंभीच मृत्यू का येई, याचा उलगडा त्यामुळे झाला. नाडीकडे दुर्लक्ष करण्याचा आयोगाचा उपदेश चुकीचा ठरला. परंतु रुग्णावर अखंड लक्ष ठेवण्यास एक स्वतंत्र व्यक्ती हवी, हे तत्त्व टिकून राहिले.

वनप्रदेशातील परिस्थिती : त्या काळी वर्धा नदीपलीकडील राजुरा निजामाच्या राज्यात, तर अलीकडील पोंभुर्ण्याचा परिसर मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता. राजुरा १९५९ मध्ये चांदा (सध्याच्या चंद्रपूर) जिल्ह्यास जोडण्यात आला. १९८२ मध्ये गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. या अरण्यमय भागात अंतर, पावसाळ्यातील नदीनाले आणि तज्ञांचा अभाव यांमुळे शुद्धिहरणाचा प्रश्न बिकट राहिला. भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात प्रकाश आमटे यांच्यासमवेत शुद्धिहरणशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या मंदाकिनी आमटे होत्या. विजेची सोय नसताना तेथे शस्त्रक्रिया होत. दात्रकोशिका रक्तक्षय (सिकलसेल) या भागात आढळतो. अशा रुग्णास ऑक्सिजन कमी पडला, थंडी वाजली किंवा शरीरातील पाणी घटले, तर तांबड्या कोशिका विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी व गुंगीत ऑक्सिजनाचा पुरवठा आवश्यक ठरतो.

पुढील प्रगती : क्लोरोफॉर्मचा वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडला. ताकुओ आओयागी यांनी जपानमध्ये १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावर नाडी-ऑक्सिजनमापक (पल्स ऑक्सिमीटर) तयार झाला. बोटास लावलेले हे साधन नाडी आणि रक्तातील ऑक्सिजन दोन्ही दाखवीत असल्याने श्वसन की हृदय हा जुना वाद व्यवहारात उरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी-सूचीत त्याचा समावेश आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही सूची वापरली असता मृत्यूंचे प्रमाण १·५ टक्क्यांवरून ०·८ टक्क्यांवर आले. अडलेल्या बाळंतिणींसाठी एम्.बी.बी.एस्. डॉक्टरांना शुद्धिहरणाचे अठरा आठवड्यांचे प्रशिक्षण देण्याची योजना भारत सरकारने आखली. चंद्रपूर येथे २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि साधन कोणतेही असले, तरी त्याकडे पाहणारा प्रशिक्षित माणूस रुग्णाच्या उशाशी असणे, ही सुरक्षेची पहिली अट होय.