मोजपट्टी सेवेकडे वळली तेव्हा

मानसोपचारात मोजमाप पूर्वीपासून आहे, पण ते रुग्णाचे. भास किती, झोप किती, पुन्हा दाखल व्हावे लागले का? उपचार देणारी संस्था स्वतः कशी वागते, हे विचारणाऱ्या प्रश्नावल्या फार उशिरा आल्या.

उशिराचे कारण एका समजुतीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने, पुढे स्किझोफ्रेनिया म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराचे जे वर्णन केले, त्यात माणूस ढासळतच जातो असे गृहीत होते. ढासळणाऱ्याला सांभाळायचे, त्याचे मत कशाला विचारायचे?

या समजुतीला जबर धक्का बसला १९८७ मध्ये. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या मनोरुग्णालयातून १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुनर्वसन करून घरी सोडलेल्या २६९ जणांचा कोर्टनी हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी सुमारे तीन दशकांनी माग काढला. हे मागच्या वॉर्डांत वर्षानुवर्षे पडून राहिलेले रुग्ण होते. त्यांपैकी निम्मे ते दोन-तृतीयांश लोक बरे झालेले किंवा खूप सुधारलेले आढळले. पुढच्याच वर्षी पॅट्रिशिया डीगन यांनी लिहिले, ते स्वानुभवातून. किशोरवयात त्यांना स्किझोफ्रेनियाचे निदान झाले होते. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या. आजार पूर्ण गेला नाही तरी माणूस आपले आयुष्य पुन्हा उभे करू शकतो, ही त्यांची मांडणी. १९९३ मध्ये विल्यम अँथनी यांनी हीच सेवांची दिशा असावी असे म्हटले.

धोरणांच्या कागदांत ही भाषा लवकर रुळली. वॉर्डात, ओपीडीत काय बदलले, ते कळायला मात्र साधन हवे होते. कनेक्टिकट राज्याच्या सेवांसाठी येल विद्यापीठातल्या मारिया ओ'कॉनेल, लॅरी डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी ते घडवले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'रिकव्हरी सेल्फ असेसमेंट'. एकूण ३६ विधाने. माणसाच्या स्वतःच्या ध्येयांना इथे जागा आहे का? उपचार निवडता येतात का? सेवा चालवण्यात त्याचा सहभाग आहे का? खरी मेख अशी, की हीच विधाने संचालक, कर्मचारी, उपचार घेणारे आणि त्यांचे आप्त अशा चौघांपुढे ठेवली जातात.

७८ केंद्रांतल्या ९६७ जणांनी उत्तरे दिली. आवडीनिवडी शोधायला मदत करण्यात केंद्रांना सर्वाधिक गुण मिळाले. सेवेच्या कारभारात सेवा घेणाऱ्यांना सामील करून घेण्यात सर्वांत कमी.

आपल्याकडे याच दिशेचे काम गुजरातेत झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये आणलेला 'क्वालिटीराइट्स' उपक्रम तिथल्या सरकारी केंद्रांत राबवला गेला. त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र पुढे होते. २०१९ मध्ये छापलेल्या मूल्यमापनात कर्मचाऱ्यांच्या दृष्टिकोनात चांगली सुधारणा दिसली. सेवा घेणाऱ्यांचे समाधान आणि आत्मबळही वाढले, पण बरेच कमी.

कर्मचाऱ्यांनाच विचारून थांबलो असतो, तर हे अंतर दिसलेच नसते. म्हणून येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांतही अशी मोजणी नेमाने व्हावी, आणि तिचे निष्कर्ष वाचून निर्णय घेणाऱ्या बैठकीत उपचार घेतलेल्या माणसांना मताचा अधिकार असावा. कनेक्टिकटमध्ये सर्वांत कमी गुण याच रकान्यात पडले होते. सुरुवातही तिथूनच करायला हवी.